भुलाबाईचा खाऊ आणि चौसष्ट अक्षरं

आमच्या गच्चीवरच्या खोलीचा वाद भुलाबाईच्या खाऊवर मिटला. तो तलाठ्याने मिटवला नाही, गावातल्या चार शहाण्यांनी नाही, आणि घरच्या पुरुषांनी तर नाहीच. तो मी मिटवला. मी चौथी शिकलेली बाई आहे. पुढची शाळा चिखलीला होती, आणि मुलीला तेवढ्यासाठी रोज एस.टी.त बसवायची रीत आमच्या घरात नव्हती.

आधी खोलीचं सांगते. माझा नवरा आणि धाकटा दीर वेगळे निघाले तेव्हा घराच्या मधोमध भिंत आली. चूल, न्हाणी, अंगण, सगळं दोन दोन झालं. जिना मात्र एकच राहिला, आणि जिना चढून गेल्यावर जी पत्र्याची खोली आहे तीही एकच राहिली. भावांनी ती वाटली नाही. पुढे दोघेही गेले. खोलीत एक मोडकी खाट, फवारणीचा पंप आणि उंदीर होते. उंदरांवरून कोण भांडणार?

मग माझी नात पुण्याहून परत आली. ती कॉम्प्युटरचं काम करते. कंपनीने सांगितलं, घरून केलं तरी चालेल. पुण्यात चार पोरी एका खोलीत राहायच्या, डब्याचं खायच्या, आणि सुट्टीत घरी आली की हिच्या गळ्याची हाडं मोजून घ्यावीत अशी दिसायची. गावात नेटवर्क धड दोनच जागी येतं, मारुतीच्या पारावर आणि आमच्या गच्चीवर. पारावर पत्ते चालतात. तिने खोली झाडली, चुना मारला, पंखा लावला, टेबल टाकलं आणि कामाला बसली. सहा महिन्यांत माणसात आली.

आणि तेव्हाच माझ्या धाकट्या जावेला आठवलं की खोली अर्धी तिची आहे. तिला तिथे सोयाबीनची पोती ठेवायची होती.

"खाली ओल लागते सोयाबीनले," ती म्हणायची.

"इतकी वर्सं नाई लागली ते?"

"आता लागते."

ती माझ्याहून लहान, पण तोंडाने मोठी. वाईट बाई नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिने केलेलं मी विसरलेली नाही, तशीच तिने पळवलेली माझी तांब्याची घागरही विसरलेली नाही. खोली गेली असती तर नातीला पुन्हा पुण्याला जावं लागलं असतं. तिने तसं स्पष्ट सांगितलं होतं. पारावर बसून काम होणार नाही, आणि काम सोडायचं नाही.

नात नेमकं काय काम करते ते मला ठाऊक नव्हतं. गावात लोक विचारायचे आणि मी म्हणायची, "कॉम्प्युटर." एका दुपारी गच्चीवर उडीद आणि चवळी निवडत बसले होते, ती चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा मी सरळ विचारलं.

ती म्हणाली, "आजी, मी करार लिहिते. कागदावरचा करार माणसं पाळतात किंवा मोडतात. हा करार मशीन पाळतं. एकदा साखळीत, ब्लॉकचेन म्हणतात तिला, टाकला की त्याच्या प्रती जगभरच्या मशीनवर जातात. मग मलाही खोडता येत नाही."

"आन् त्यात काय लिहितं?"

"सध्या चित्रं टाकते. पण चित्र मशीनच्या लेखी चित्र नसतं, नुसते लागलेले आणि विझलेले दिवे असतात. आणि जिथून ते पाठवायचे ती वाट फक्त अक्षरं नेते. म्हणून आधी दिव्यांची अक्षरं करावी लागतात."

मला कळलं नाही, आणि न कळलेल्याला मी मान डोलावत नाही. तसं सांगितल्यावर तिने माझ्यापुढच्या सुपातले दाणे घेतले. काळा उडीद म्हणजे विझलेला दिवा, पांढरी चवळी म्हणजे लागलेला. तीन वाट्या मांडल्या आणि प्रत्येकीत आठ दाणे ओळीने ठेवले. मशीन असे आठ-आठ मोजतं, म्हणाली. मग चौथी वाटी आणली आणि तेच दाणे, रांग न मोडता, चार वाट्यांत सहा-सहा करून लावले. एकही दाणा वाढला नाही, एकही कमी झाला नाही. आता सहा दाणे काळे-पांढरे किती तऱ्हांनी लागतील, तर चौसष्ट. म्हणून चौसष्ट खुणा घेतल्या आहेत. इंग्रजीची मोठी अक्षरं, मग लहान, मग आकडे, आणि शेवटी अधिकचं चिन्ह आणि एक तिरपी रेघ. प्रत्येक वाटीला एक खूण. शेवटी दाणे कमी पडले तर दोन आडव्या रेघांचं बरोबरचं चिन्ह टाकतात, म्हणजे पुढच्याला कळतं की इथे भरायला काही उरलं नव्हतं.

"म्हंजे कुलूप लावतं तू त्याले."

"नाही. हे कापड आहे, कुलूप नाही. नेताना सांडू नये म्हणून बांधलं. गाठ कुणालाही सोडता येते."

हे मला पटलं. मी दाणे परत सुपात ओतले, कारण संध्याकाळी वडे करायचे होते.

आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा असतो. ज्या घरी गाणी झाली त्या घरची बाई झाकलेला डबा आणते, हलवते, आणि बाकीच्यांनी आवाजावरून सांगायचं की आत काय आहे. गोड की तिखट, पिवळं की पांढरं, एवढं विचारता येतं. ओळखलं नाही तर ते घर जिंकलं. आता गावात मुलीच उरल्या नाहीत. लग्न होऊन नागपूर, अकोला, पुणे अशा गेल्या. म्हणून कोजागिरीला आम्ही म्हाताऱ्याच आमच्या गच्चीवर भुलाबाई करतो आणि लेकीबाळी फोनवरून भाग घेतात.

या खेळात माझ्या धाकट्या जावेचा खाऊ मी कधीच ओळखला नव्हता. सून होऊन आली त्या वर्षापासून नाही. तिच्यावर सगळ्यांचा संशय होता की बरोबर नाव आलं की पदराआडून दुसरा डबा निघतो. मी तो दुसरा डबा पाहिला होता. बोलले नाही, कारण ती म्हणाली असती, माहा पदर काऊन तपासतं.

त्या वर्षी फोनवाल्या लेकींनी तक्रार केली. फोनवर डबा एक दाखवतात आणि उघडतात दुसरा, म्हणाल्या. तेव्हा नातीने सगळ्या बायकांना खोलीत बसवून तोडगा सांगितला. प्रत्येकीने आपल्या खाऊचं नाव, एकाच शब्दात, आधीच साखळीत टाकायचं. तिच्याकडे सरावासाठी लिहिलेला एक करार होता, सरावाच्या साखळीवरचा. तिथे पैसा लागत नाही. एकदा टाकलं की संपलं, डबा बदलून उपयोग नाही.

तिने दोन रीती सांगितल्या. पहिली कुलपाची. नावाचा असा चुरा करायचा की चुऱ्यावरून नाव परत होत नाही. शेवटी बाईने नाव सांगायचं, त्याचा पुन्हा चुरा करायचा आणि दोन्ही चुरे जुळतात का बघायचं.

माझी जाऊ भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "म्हंजे माह्या खाऊचं नाव मले पुन्हा दिसनारच नाई?"

"चुरा दिसेल, धाकट्या आजी. नाव तुम्ही सांगायचं."

"चुऱ्याले काय चाटू? उद्या तू म्हनशीन जुळलं नाई, मी कोनाच्या तोंडाकडं पाहू? जसं टाकलं तसं परत निघालं पायजे."

बाकीच्यांनाही तेच हवं होतं. मग नातीने दुसरी रीत सांगितली, नुसतं कापडात बांधायची. तिने हेही सांगितलं, आणि मोठ्याने सांगितलं, "यात नाव बदलता येणार नाही, पण लपणारही नाही. ज्याला वाचता येतं तो वाचेल. मग मला म्हणू नका."

नमुना म्हणून तिने गूळ हा शब्द टाकला आणि फोन सगळ्यांपुढे धरला. त्यावर आलं: 4KSX4KWC4KSz. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

"हा गूळ हाय?" जाऊ म्हणाली. "हे वाचनारा अजून जन्माले याचा हाय. चालते मले हे."

चहा झाला. उठता उठता तिने टेबलाकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दिवाळीनंतर आमची पोती येनार हायेत इथं. बातमी देऊन ठेवतो."

"पोती कुठी येत नाईत," मी म्हणाले.

"अर्धी खोली माही हाय, बाई."

"मंग अर्ध्या पत्र्याखाली झोप."

बांगड्यावाली आमच्या मागच्या गल्लीत राहते. बाजाराच्या दिवशी चिखलीत दुकान लावते, आणि कोजागिरीचं दूध तिच्या हातचं असतं. ती मध्ये पडली. "काहे को झगडता? दोघीनं डाव लावा ना."

जावेने तेच धरलं. "बरं. आजवर माहा खाऊ वळखला काय तू, बाई? यंदा वळख. एकाच खेपेत. वळखला त खोली तुह्या नातीची, मी नाव नाई काढनार. नाई वळखला त भाऊबीज झाली का टेबल खाली."

"ठरलं," मी म्हणाले.

बायका गेल्यावर नात पेले गोळा करता करता म्हणाली, "आजी, माझ्या खोलीवर डाव लावताना मला विचारायचं तरी."

"इचारलं असतं त तू नाई म्हनली असती."

"हो. कारण तू हरणार."

"ते खुणांचं मले शिकव."

तिला लगेच कळलं. नात माझीच आहे. "ही लबाडी आहे," ती म्हणाली.

"लबाडी काऊन? तू सगळ्यांदेखत सांगतलं का वाचता येते. त्यायनं हसून घेतलं. मी नाई हसली."

ती विचारात पडली, मग म्हणाली, "मी वाचून दाखवणार नाही. बरोबर की चूक तेही सांगणार नाही. पण रीत कुणालाही शिकवीन." आणि खरंच जिन्याच्या तोंडाशी जाऊन तिने खाली हाक मारली, "धाकट्या आजी, हे वाचायला शिकायचंय का?"

"मले वाती वळाच्या हायेत," खालून उत्तर आलं.

मग मी शिकले. खोलीच्या पत्र्याच्या दाराच्या आतल्या बाजूवर नातीने खडूने आपलं एकेक अक्षर आणि त्यापुढे त्याच्या खुणा लिहून दिल्या, आणि दार उघडं असलं की ती बाजू भिंतीकडे जायची, म्हणून कुणाला दिसत नव्हतं. इंग्रजी आकडे मला येत होते, फोनमुळे आणि एस.टी.च्या पाट्यांमुळे. मोठी अक्षरं निम्मी ओळखीची होती. लहान अक्षरं मात्र एकासारखं दुसरं. उच्चार मी शिकलेच नाही. मला बोलायचं नव्हतं, ओळखायचं होतं. दुपारी सगळे झोपले की मी दार लावून घ्यायची आणि स्टुलावर बसायची. एकदा मान धरली ती धरलीच, तिळाचं तेल चोळून पुन्हा बसले. नातीने एवढं सांगितलं होतं की आपलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा मशीनमध्ये बरोबर तीन वाट्यांची असते. म्हणजे कापडात बांधली की चार खुणांची. इंग्रजी शब्दांचं असं नाही, त्यांचा मेळ मध्येच तुटतो. आपला तुटत नाही. फक्त शब्दात मोकळी जागा सोडायची नाही.

बाकीचं मला दारासमोर बसून दिसलं. चारांतल्या पहिल्या तीन खुणा नेहमी त्याच असतात, 4KS. चौथी तेवढी बदलते. ओळीत पुढे येणाऱ्या मात्रांना, म्हणजे दीर्घ वेलांटी, उकार वगैरेंना, 4KW, तिथेही चौथीच बदलते. आणि ती चौथी कशी बदलते? क म्हणजे V, ख म्हणजे W, ग म्हणजे X, घ म्हणजे Y. मोठी अक्षरं संपतात तिथे आपला कवर्ग संपतो, आणि च पासून त्यांची लहान अक्षरं सुरू होतात. च छ ज झ ला a b c d. त थ द ध न ला k l m n o. प फ ब भ म ला q r s t u. आमच्या मास्तरांनी छडी मारून पाठ करून घेतलेली ओळ आणि साहेबाची ओळ, दोन्ही बैलांसारख्या एका चालीने चालल्या होत्या. मी नातीला बोलावून दाखवलं. तिला हे ठाऊक होतं, पण मला सांगितलं नव्हतं. तुझं तुला सापडावं म्हणून, म्हणाली. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग ती मला शब्द टाकून द्यायची आणि मी वाचायची. सुरुवातीला पोहे वाचायला चहा गार व्हायचा. पुढे पुढे कढत चहा संपायच्या आत शेवभाजी वाचू लागले. काना म्हणजे अधिकचं चिन्ह आणि ऱ्हस्व वेलांटी म्हणजे तिरपी रेघ, या दोन मला सगळ्यांत आवडल्या. त्या लांबूनच दिसतात.

कोजागिरीच्या दुपारी सगळ्यांची नावं साखळीत गेली. जावेने आपल्या सुनेकडून घातलं, दार लावून. मी चष्मा पुसला आणि नातीला अक्षरं मोठी करायला सांगितली. तिने फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः खाली निघून गेली.

फोनवर जावेच्या घराच्या नावापुढे होतं: 4KS44KS+4KSk4KWC.

पहिल्यांदाच अडले. दोन 4 शेजारी शेजारी. मला वाटलं सुनेने बोट दोनदा दाबलं. मग भान आलं की चार-चार तोडायचे. 4KS4. चौथी खूण 4 म्हणजे स. पुढे अधिकचं चिन्ह, काना. सा. मग k, म्हणजे त. शेवटी 4KW आणि C, दीर्घ उकार.

सातू.

मी फोन ठेवला आणि पुन्हा उचलला. सातू म्हणजे भाजलेल्या गव्हा-हरभऱ्याचं पीठ, गुळाच्या पाण्यात कालवून खातात, आणि ते उन्हाळ्याचं. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, करतात. आश्विनात सातू कुणी करत नाही. गहू भाजल्याचा वास भिंतीपलीकडून आला नव्हता, आणि जावेच्या घरी कांदा चिरला तरी मला कळतं. आयुष्यभराची सगळी अक्कल सांगत होती की हे असूच शकत नाही, म्हातारे, तू चुकीचं वाचलंस. मी पुन्हा तोडलं, पुन्हा जोडलं. पुन्हा सातूच. दार लावून त च्या ओळीवर बोट फिरवलं. k च होता.

जिन्यात नात भेटली. "सातू हाय काय वं?" मी विचारलं.

"मी सांगणार नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. खोली तिची जाणार होती. तिने ओठ चावले आणि सांगितलं नाही. मला राग आला, आणि बरंही वाटलं.

मग ध्यानात आलं की जाऊ आठवड्यापूर्वी देऊळगाव राजाला लेकीकडे जाऊन आली होती. पण तिथून बाई सातूच आणेल असं कुठे आहे? ती जालन्याच्या रेवड्याही आणू शकते. याच्या भरवशावर काही बोलता येत नव्हतं. एक तर अक्षरांवर भरवसा ठेवायचा, नाहीतर अकलेवर.

रात्री गच्चीवर सतरंज्या टाकल्या. दूध शेगडीवर आटत होतं, बांगड्यावाली पळी फिरवत होती. फोन खुर्चीवर उभा केला होता, त्यात लेकींची तोंडं. गाणी झाली. दोन-तीन घरांचे डबे ओळखले गेले, एक राहिला. मग जाऊ आली. आपला पितळी डबा तिने फोनसमोर हलवला. काहीच वाजलं नाही.

"काकू, नीट हलवा ना, आवाज येत नाही," नागपूरची म्हणाली.

"हलवूनच राह्यली. कान साफ कर."

"गोड की तिखट?"

"गोडात धर."

"शिरा," एकजण म्हणाली. "बर्फी." "खव्याचं काही." "रिकामा असन डबा." प्रत्येक नावाला जाऊ मान हलवत होती, आणि दरवेळी माझ्याकडे बघत होती.

"बोल, बाई," ती शेवटी म्हणाली. "खोली झाडून ठेवली नं?"

नात कठड्याशी उभी होती. खाली बघत होती.

"सातू," मी म्हणाले.

दोघी-तिघी हसल्या. "कोजागिरीले सातू? बाईचं डोकं फिरलं." पण जाऊ हसली नाही. तिचा हात डब्याच्या झाकणावर होता, तो तसाच राहिला. तेव्हा मला कळलं. ते तोंड मी पन्नास वर्षं वाट पाहून पाहिलं.

"काय म्हनलं?" ती म्हणाली.

"सातू. उघड."

तिने उघडलं. तांबूस, मऊ, वरून थोडी वेलची. फोनमधून लेकींनी एवढा कल्ला केला की पारावरचे कुत्रे भुंकू लागले.

"कोनं सांगतलं तुले?" जाऊ सुनेकडे वळली. "तू सांगतलं?"

सून घाबरून म्हणाली, "मी कशाले सांगू, आत्याबाई?"

"तिनं नाई, तू सांगतलं," मी म्हणाले. "दुपारी. फोनवर." आणि फोन घेऊन सगळ्यांसमोर तिची ओळ चार-चार तोडून वाचली. हा स, हा काना, हा त, हा उकार. बायका फोनवर वाकून बघत होत्या.

"लबाडी हाय ही."

बांगड्यावालीने पळी वर केली. "लबाडी कशाची? पोरीनं सबके सामने बोललं था. तुम्हालाच ताला नको होता."

"हिनं कुठून तरी वास काढला," जाऊ म्हणाली. "वाचता येते त दुसऱ्याचा वाच. हिचा वाच." तिने बांगड्यावालीकडे बोट केलं. तिचा डबा अजून झाकलेला होता.

मी ओळ काढली. सातूच्या ओळीहून चार खुणा जास्त होत्या. ख, काना, र, दीर्घ वेलांटी, क. "खारीक," मी म्हणाले.

बांगड्यावालीने कपाळावर हात मारला. "माझा काय कसूर था? मेरा डाव काहे को मारला?" आणि डबा उघडून एक खारीक माझ्या तोंडात कोंबली.

आता सगळ्या जावेकडे बघत होत्या. ती डबा मिटून बसली होती. "घे," ती म्हणाली. "खोली तुह्या नातीची."

"मोठ्यानं बोल. आन् साखळीत लिहून."

नात पुढे आली. "आजी, याला कायद्यात काही किंमत नाही. तलाठी विचारणार नाही."

"तलाठ्यासाठी नाई. तुह्या धाकट्या आजीसाठी हाय. लिही, खोली नातीची, धाकटी हरली."

"हे खोडता येते काय?" जावेने विचारलं.

"नाही, धाकट्या आजी."

"आन् कुलूप?"

"लावता येतं. लावू?"

"नको," मी म्हणाले. "उघडं राहू दे. कोनीबी वाचो."

नातीने एकेक शब्द वेगळा टाकला, म्हणजे चारांचा मेळ राहतो. मग फोन जावेपुढे धरला. दाबायचं तिनेच, असं मी सांगितलं. तिने अंगठा पदराला पुसला आणि असा दाबला जसा ढेकूण मारतात. मग सगळ्या दूध प्याल्या, तीही. दोन पेले प्याली.

सकाळी मी फोन घेऊन गच्चीवर बसले आणि जे लिहिलं ते पहिल्यापासून वाचलं. खोली बरोबर होतं. नातीची बरोबर होतं. धाकटी बरोबर होतं, पण पुढे एक ने जास्तीचा चिकटला होता. शेवटच्या शब्दाला थांबले. ह ची खूण 5, ती यायला हवी होती. तिथे m होता. द. पुढे तिरपी रेघ, मग ल, मग दीर्घ वेलांटी. नातीने हरली लिहिलंच नव्हतं. आणि आता ते कुणालाच बदलता येणार नव्हतं, तिलाही नाही, मलाही नाही.

खोलीत ती कानाला हेडफोन लावून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. मी कठड्याशी येऊन उभी राहिले.

भिंतीपलीकडून जावेचा आवाज आला. अंगणात भांडी घासत होती. "वाचलं काय, बाई?"

"वाचलं."

"काय लिहिलं हाय पोरीनं? हरली म्हनून?"

मी कठड्यावरून खाली पाहिलं. ती वर बघत नव्हती. राखेचा हात कढईत तसाच धरून बसली होती.

"नाई," मी म्हणाले. "दिली म्हनून."

तिने कढईत आणखी राख टाकली. मग कढई पुन्हा घासू लागली. "मंग बरोबर हाय," ती म्हणाली. "मी दिलीच."